जेफ्री डी हॅव्हिलँड : एका विमानरचनाकाराची कारकीर्द

पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या पर्वात, १९१८ च्या ऑगस्टअखेर, ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सची ११० क्रमांकाची स्क्वाड्रन फ्रान्समध्ये दाखल झाली. तिच्या विमानांवर हैदराबादचे नाव रंगविलेले होते. निजाम मीर उस्मान अली खान यांनी दिलेल्या देणगीतून ही विमाने उभी राहिली होती, आणि पुढे ही तुकडी 'हैदराबाद स्क्वाड्रन' म्हणूनच ओळखली गेली. त्या काळी मराठवाड्याचे जिल्हेही निजामाच्याच राज्यात मोडत असल्यामुळे ते नाव आपल्याला अगदीच परके नाही. जर्मन शहरांवर दिवसाढवळ्या बाँब टाकण्याचे काम या तुकडीकडे होते, आणि युद्ध संपेपर्यंतच्या अवघ्या अडीच महिन्यांत तिने मोठी हानी सोसली. त्या विमानाचे नाव होते 'डी.एच. नाइन-ए'. यातील 'डी.एच.' ही दोन अक्षरे म्हणजे एका माणसाचे आडनाव : डी हॅव्हिलँड.

विमानविद्येचा इतिहास सांगताना आपण वैमानिकांची नावे आवर्जून घेतो. ज्याने विमान कागदावर रेखाटले त्याचे नाव सहसा दोन अक्षरांत आणि एका आकड्यात आटोपते. प्रारंभीच्या काळात मात्र हे दोघे वेगळे नव्हते. ज्याने यंत्र बांधले त्यानेच त्यात प्रथम बसायचे, आणि चूक झाली असेल तर तिची किंमत स्वतःच्या हाडांनी चुकवायची, असा तो काळ होता. जेफ्री डी हॅव्हिलँड हा त्याच पिढीतला. घडविणारा आणि उडणारा एकच असावा, या नियमावर त्याची कारकीर्द उभी राहिली. युद्धाने तो नियम मोडला. त्या मोडण्याचे परिणाम रणभूमीवर अनेकांना भोगावे लागले. आणि स्वतः डी हॅव्हिलँडच्या घरात तो नियम मोडला नाही, म्हणून तेथेही त्याची किंमत द्यावी लागली.

जेफ्रीचा जन्म २७ जुलै १८८२ रोजी इंग्लंडमधील हाय विकमजवळ झाला. वडील चार्ल्स हे ख्रिस्ती धर्मोपदेशक. पुढे हॅम्पशायरमधील क्रक्स ईस्टन या लहानशा खेड्यात ते पाद्री म्हणून राहिले. मुलाचा ओढा मात्र यंत्रांकडे होता. १९०० ते १९०३ या काळात लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथील अभियांत्रिकी शाळेत त्याने शिक्षण घेतले. त्यानंतर रग्बी येथील एंजिनांचा कारखाना, बर्मिंगहॅमची वूल्सले मोटार कंपनी आणि शेवटी वॉल्थमस्टो येथील बसगाड्या बनविणारी कंपनी अशा नोकऱ्या त्याने केल्या. नकाशे काढण्याच्या कामाला तो लवकरच कंटाळला. विल्बर राइटने १९०८ साली फ्रान्समध्ये उड्डाणे करून दाखविली होती, आणि युरोपभर विमानाचा विषय निघाला होता. जेफ्रीने आपल्या आईच्या वडिलांकडे धाव घेतली. आजोबांनी त्याच्या वाट्याला पुढे यावयाचे एक हजार पौंड आधीच त्याच्या हाती ठेवले.

या भांडवलावर त्याने बसगाड्यांचा एक कुशल यांत्रिक, फ्रँक हर्ल, याला सोबतीला घेतले आणि लंडनच्या फुलहॅम भागात एक कार्यशाळा उघडली. बाजारात मनाजोगे एंजिन मिळेना, तेव्हा एंजिनाची रचनाही स्वतःच केली आणि ते विल्सडनच्या एका मोटार कंपनीकडून बनवून घेतले. चार सिलिंडरचे, सुमारे ४५ अश्वशक्तीचे ते एंजिन होते. १९०९ साली त्याचे लुई थॉमस हिच्याशी लग्न झाले. ही तरुणी पूर्वी त्याच्या बहिणींना शिकवीत असे. विमानाच्या पंखांचे कापड तिनेच शिवणयंत्रावर शिवले. त्या वर्षाच्या डिसेंबरात क्रक्स ईस्टनजवळच्या सेव्हन बॅरोज या माळरानावर विमान आणले गेले. प्राचीन थडग्यांच्या टेकाडांवरून त्या माळाला ते नाव पडले आहे. जेफ्री उतारावरून विमान घेऊन निघाला, क्षणभर वर उठला, आणि डावा-उजवा विचार करण्यापूर्वीच पंख मोडून विमान जमिनीवर कोसळले. पंखांच्या आतील लाकडाला तो ताण सोसला नव्हता. विमानाच्या लाकूडकामाचा चुराडा झाला; एंजिन वाचले, आणि जेफ्रीही वाचला.

दुसरे विमान अधिक साधे व अधिक बळकट होते. १९१० च्या सप्टेंबरात त्याच माळावर त्याची परीक्षा झाली. विमान खरोखर जमीन सोडते की नाही हे कळावे म्हणून हर्ल गवतात आडवा पडून चाकांखाली उजेड दिसतो का ते पाहत होता. उजेड दिसला. पुढे काही आठवड्यांनी जेफ्रीने याच विमानात आपल्या पत्नीला बसविले, आणि तिच्या मांडीवर त्यांचा तान्हा मुलगा होता. बापाच्याच नावाचा हा थोरला मुलगा जेफ्री. लाकूड, तारा आणि शिवलेले कापड यांच्या त्या चौकटीवर त्या माणसाचा किती विश्वास होता याचा याहून मोठा पुरावा देता येणार नाही. या मुलाकडे आपल्याला पुढे पुन्हा यावयाचे आहे.

पैसे संपत आले होते. फार्नबरो येथील सरकारी बलून कारखान्याने १९१० च्या डिसेंबरात हे विमान चारशे पौंडांना विकत घेतले आणि रचनाकार व परीक्षक-वैमानिक म्हणून त्याच्या कर्त्यालाही नोकरीवर घेतले. कारखान्याचे प्रमुख मर्विन ओ'गॉर्मन हे दूरदृष्टीचे गृहस्थ होते. परंतु त्यांच्या कारखान्याला नवी विमाने बांधण्याचा अधिकार नव्हता, केवळ दुरुस्तीचा होता. तेव्हा एक युक्ती निघाली. वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकने लष्कराला भेट दिलेले एक फ्रेंच व्हॉइझाँ विमान दुरुस्तीसाठी आले. आणि 'दुरुस्त' होऊन बाहेर पडले ते १९११ च्या डिसेंबरात उडालेले बी.ई.१ हे अगदी वेगळे विमान. जुन्यातले एंजिन काय ते उरले होते. सरकारी कागदाचा मान राखून सरकारी कागदालाच वळसा घालण्याची ही रीत आपल्याकडच्या वाचकांना नवी वाटू नये.

बी.ई.१ मधून बी.ई.२ झाले. १९१२ च्या ऑगस्टमध्ये सॅलिसबरी पठारावर लष्करी विमानांची स्पर्धा भरली. ओ'गॉर्मन परीक्षकांपैकी असल्यामुळे बी.ई.२ ला स्पर्धेत भाग घेता येत नव्हता. तरीही ते स्पर्धेबाहेर उडाले, आणि १२ ऑगस्ट रोजी डी हॅव्हिलँडने मेजर साइक्स यांना घेऊन १०,५६० फुटांची उंची गाठून नवा ब्रिटिश उच्चांक केला. पारितोषिक सॅम्युअल कोडीला मिळाले; लष्कराने पसंत केले ते बी.ई.२. दुसऱ्याच वर्षी, १९१३ च्या मार्चमध्ये, आपण रचलेले बी.एस.१ हे वेगवान एकआसनी विमान चालविताना तो कोसळला आणि त्याचा जबडा मोडला. त्या विमानाचे सुकाणू अपुरे होते, हे त्याला असे कळले. रचनाकाराने आपली चूक अशा रीतीने शिकावी हे क्रूर खरे. परंतु त्यात एक न्याय होता. चूक ज्याची, इजा त्याची.

बी.ई.२ ची पुढची कथा या न्यायाच्या उलट आहे. एडवर्ड बस्क या फार्नबरोच्या बुद्धिमान अभियंत्याने त्यात फेरफार करून ते अतिशय स्थिर केले. सुकाणूवरचे हात काढले तरी सरळ उडत राहील, असे ते बी.ई.२-सी विमान झाले. वरून टेहळणी करणाऱ्याला यापेक्षा अधिक काय हवे? बस्क स्वतःही वैमानिक होता, आणि नोव्हेंबर १९१४ मध्ये अशाच एका विमानाला हवेत आग लागून तो जळून मेला. युद्ध सुरू झाल्यावर फ्रान्सच्या भूमीवर १३ ऑगस्ट १९१४ रोजी प्रथम उतरलेले ब्रिटिश विमान बी.ई.२ जातीचेच होते. परंतु १९१५ च्या उन्हाळ्यात जर्मनांनी फोकर एकपंखी विमान आणले. त्याची मशीनगन फिरत्या प्रॉपेलरच्या पात्यांमधून नेमक्या क्षणी गोळ्या सोडीत असे. आता जो गुण होता तोच दोष ठरला. स्थिर विमान चटकन वळत नाही. शिवाय टेहळ्याची जागा पुढे, तारा आणि खांब यांच्या जंजाळात. त्याला बंदूक फिरविण्यासही धड वाव नव्हता. तरी कारखान्यांतून ही विमाने बाहेर पडतच राहिली, कारण ती बनविण्याची सवय व साधने जमली होती. एकूण सुमारे साडेतीन हजार बी.ई.२ बांधली गेली. १९१६ साली पार्लमेंटमध्ये पेंबर्टन बिलिंग या सभासदाने हा वैमानिकांचा खूनच असल्याचा आरोप केला, आणि चौकशा नेमल्या गेल्या. तरीदेखील १९१७ च्या एप्रिलमध्ये आरासच्या लढाईवेळी ही विमाने आघाडीवर होतीच, आणि ती पडतच होती. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, रात्रीच्या अंधारात जर्मन हवाई जहाजांची शिकार करण्यास हीच स्थिरता उपकारक ठरली.

डी हॅव्हिलँड तोवर फार्नबरोहून बाहेर पडला होता. १९१४ च्या मध्यास जॉर्ज होल्ट टॉमस यांच्या एअरको कंपनीत, हेंडन येथे, तो मुख्य रचनाकार झाला. फोकरला त्याने दिलेले उत्तर म्हणजे डी.एच.२. ब्रिटिशांना प्रॉपेलरच्या पात्यांमधून गोळी सोडण्याचे साधन अद्याप साधले नव्हते. म्हणून त्याने एंजिन आणि प्रॉपेलर वैमानिकाच्या पाठीमागे नेले आणि पुढची बाजू बंदुकीसाठी मोकळी केली. मेजर लॅनो हॉकर याच्या २४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने १९१६ च्या फेब्रुवारीत ही विमाने फ्रान्समध्ये नेली. नवखे वैमानिक त्यांना बिचकत, कारण ती गरगर फिरत खाली येऊ लागत. हॉकरने काय केले, तर स्वतः वर जाऊन विमान मुद्दाम गिरक्यांत टाकले, पुन्हापुन्हा सावरून दाखविले, आणि खाली येऊन आपल्या लोकांना त्याची रीत समजावून सांगितली. भीती गेली. फोकरचा दरारा ओसरला. परंतु यंत्रांचे आयुष्य अल्प असते. २३ नोव्हेंबर १९१६ रोजी अधिक वेगवान विमानात बसलेल्या मानफ्रेड फॉन रिख्टहोफेनने प्रदीर्घ झुंजीनंतर याच हॉकरला डी.एच.२ मध्ये टिपले.

त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये डी.एच.४ हे दोन आसनी बाँबफेके विमान प्रथम उडाले. रोल्स-रॉइसचे समर्थ एंजिन लाभल्यावर ते त्या युद्धातील उत्तम विमानांपैकी एक ठरले. अमेरिकेतच त्याच्या ४,८०० हून अधिक प्रती निघाल्या. एक दोष मात्र होता. वैमानिक आणि टेहळ्या यांच्यामध्ये पेट्रोलची टाकी होती, आणि लढाईच्या गदारोळात दोघांना एकमेकांशी बोलता येत नसे. डी.एच.९ मध्ये डी हॅव्हिलँडने हा दोष काढून दोघांना जवळजवळ बसविले. कागदावर सारे उत्तम होते. पण जून १९१७ मध्ये जर्मन गोथा विमानांनी लंडनवर बाँब टाकले, लोकांत संताप उसळला, आणि मंत्रिमंडळाने हवाई दल दुप्पट करण्याचे ठरविले. हजारोंच्या संख्येने डी.एच.९ ची मागणी नोंदविली गेली. त्यासाठी ठरविलेले एंजिन तीनशे अश्वशक्तीचे होणार होते. प्रत्यक्षात ते दोनशे तीसच्या पुढे भरवशाने चालेना. फ्रान्समधील हवाई दलाचे प्रमुख ट्रेंचर्ड यांनी आधीच विरोध नोंदविला होता. परंतु यंत्रसामग्री बसली होती, मागण्या गेल्या होत्या. उत्तर आले की डी.एच.९ मिळेल, नाहीतर काहीच मिळणार नाही. परिणाम व्हायचा तोच झाला. नवे विमान ज्या जुन्या डी.एच.४ च्या जागी आले होते त्याच्याहून हळू आणि खालून उडत होते. १९१८ च्या मे ते नोव्हेंबर या काळात ९९ आणि १०४ क्रमांकांच्या दोनच स्क्वाड्रनांची ५४ डी.एच.९ शत्रूने पाडली आणि आणखी ९४ अपघातांत गेली.

येथे दोष कोणाचा? डी हॅव्हिलँडने विमान स्वतः तपासले होते, पण एंजिन त्याने निवडलेले नव्हते, संख्या त्याने ठरविलेली नव्हती, आणि आघाडीवर ते पाठविण्याचा निर्णयही त्याचा नव्हता. बी.एस.१ कोसळले तेव्हा चूक आणि इजा एकाच देहात होत्या. आता चूक लंडनच्या कचेऱ्यांत आणि कारखान्यांच्या वेळापत्रकांत विखुरली होती, आणि इजा विशी-बाविशीतल्या तरुणांच्या वाट्याला आली होती. विमानावर अक्षरे मात्र 'डी.एच.' हीच राहिली. पुढे चारशे अश्वशक्तीचे अमेरिकन लिबर्टी एंजिन बसवून या विमानाचा पुनर्जन्म झाला. तेच हे डी.एच. नाइन-ए, हैदराबादच्या नावाने लढलेले. फेररचनेचे बारीक काम वेस्टलंड कंपनीने केले. युद्धानंतर कित्येक वर्षे ही विमाने इराकात आणि हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर होती. सरहद्दीवरील टोळ्यांच्या खेड्यांनीही ती अक्षरे खालून पाहिली असणार, हे विसरून चालणार नाही.

युद्ध संपताच एअरको विकली गेली. होल्ट टॉमस यांच्या मदतीने सप्टेंबर १९२० मध्ये डी हॅव्हिलँडने स्टॅग लेन येथे स्वतःची कंपनी काढली. लष्कराकडे बोट न दाखविता चालेल असे, साध्या माणसाला परवडणारे विमान त्याला हवे होते. युद्धातून उरलेल्या आठ सिलिंडरच्या एंजिनाचे अर्धे करून फ्रँक हॅलफोर्डने त्याला चार सिलिंडरचे स्वस्त एंजिन दिले, आणि २२ फेब्रुवारी १९२५ रोजी 'मॉथ' उडाले. डी हॅव्हिलँड हा कीटकांचा जाणता अभ्यासक होता. दुमडून ठेवता येणाऱ्या पंखांचे हे विमान पाहून त्याला पाखराऐवजी पतंग आठवला. आपल्या भाषेत पतंग या शब्दात कीटक आणि आकाशातला कागद हे दोन्ही सामावतात; ते नाव मराठीत अधिकच शोभले असते.

या पतंगांनी हिंदुस्थानचे आकाश ओळखीचे केले. १९३० साली इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाकडे एकटी निघालेली एमी जॉन्सन जिप्सी मॉथ चालवीत होती. पेट्रोल सरत आल्यामुळे तिला झाशीच्या कवायतीच्या मैदानावर उतरावे लागले होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाची पोती मुंबईच्या जुहू येथे आणली, ती पस मॉथमधून. आणि दुसऱ्या महायुद्धात हैदराबादच्या बेगमपेठ तळावर हिंदी तरुणांनी उड्डाणाचे पहिले धडे घेतले ते टायगर मॉथवर. १९१८ साली हैदराबादचे नाव ज्या रचनाकाराच्या युद्धविमानावर होते, त्याचेच विमान आता हैदराबादेत शिकवीत होते.

दुसरे महायुद्ध आले आणि कंपनी पुन्हा लष्कराकडे वळली. लोखंड-ॲल्युमिनियमची टंचाई होणार हे ओळखून डी हॅव्हिलँडने लाकडाचे, बंदुकीविना केवळ वेगावर विसंबणारे बाँबफेके विमान सुचविले. अधिकाऱ्यांनी प्रथम नाके मुरडली. सर विल्फ्रेड फ्रीमन यांनी पाठीशी उभे राहून काम पुढे नेले. आर. ई. बिशप यांच्या हाताखालच्या मंडळींनी ते रचले. २५ नोव्हेंबर १९४० रोजी ते 'मॉस्किटो' प्रथम उडविले ते थोरल्या मुलाने, सेव्हन बॅरोजच्या माळावर आईच्या मांडीवर बसून उडालेल्या जेफ्रीने. तो आता कंपनीचा मुख्य परीक्षक-वैमानिक होता. सात हजार सातशेहून अधिक मॉस्किटो बांधली गेली. १९४४ च्या अखेरीस भारतातील काही मॉस्किटो हवेतच मोडली. दोष पावसाळी हवेचा की कारखान्यातील चिकटकामाचा, यावर मतभेद झाले; आणि तपासासाठी येथे आला तो डी हॅव्हिलँडचा सख्खा भाऊ, हेरवर्ड. घराणे आपल्या यंत्राजवळून हलत नव्हते.

याची किंमत मोठी होती. २३ ऑगस्ट १९४३ रोजी दोन मॉस्किटोंची हवेत टक्कर झाली, तीत धाकटा मुलगा जॉन गेला. २७ सप्टेंबर १९४६ रोजी डी.एच.१०८ या बिनशेपटीच्या जेट विमानाची अतिवेगाची चाचणी घेताना ते टेम्सच्या मुखावर हवेतच मोडले, आणि त्यात थोरला जेफ्री गेला. ज्या आईने पहिल्या विमानाचे कापड शिवले होते ती या आघातातून सावरली नाही. १९४९ साली तिचे निधन झाले. त्याच वर्षी २७ जुलैला, डी हॅव्हिलँडच्या सदुसष्टाव्या वाढदिवशी, 'कॉमेट' हे जगातले पहिले जेट प्रवासी विमान उडाले. मे १९५३ मध्ये कलकत्त्याहून निघालेले एक कॉमेट वादळात सापडून मोडले. जानेवारी आणि एप्रिल १९५४ मध्ये आणखी दोन भूमध्य समुद्रावर फुटली. शोध लागला तो फार्नबरोलाच. प्रचंड टाकीत पाणी भरून कॉमेटच्या धडावर पुन्हापुन्हा दाब दिला गेला, तेव्हा खिडकीसारख्या कापांच्या कोपऱ्यांपाशी धातू थकून चिरतो, हे दिसून आले. ज्या आवारात डी हॅव्हिलँड विमान रचायला शिकला, त्याच आवारात त्याच्या कंपनीला हा पाठ मिळाला.

१९६० साली कंपनी हॉकर सिडलीच्या ताब्यात गेली. डी हॅव्हिलँड वयाच्या सत्तरीपर्यंत स्वतः विमान चालवीत होता. २१ मे १९६५ रोजी त्याचे निधन झाले, आणि त्याची रक्षा सेव्हन बॅरोजच्या माळावर विखुरण्यात आली.

या कारकिर्दीकडे पाहताना तिचे मोजमाप विमानांच्या संख्येने करणे सोपे आहे. परंतु डी.एच.९ मधून न परतलेल्या मुलांची आणि डी.एच.१०८ मधून न परतलेल्या मुलाची नोंद एकाच पानावर घ्यावी लागते. पहिल्यांच्या बाबतीत ज्यांनी ठरविले ते जमिनीवर राहिले. दुसऱ्याच्या बाबतीत ठरविणारा बाप होता आणि उडणारा त्याचा मुलगा. स्वतःचे यंत्र इतरांच्या आधी आपल्या घराने आजमावायचे, हा जुना नियम डी हॅव्हिलँडने मोडला नाही. त्याने तो मोडला असता तर त्याचे दोन मुलगे कदाचित वाचले असते; पण मग त्याच्या विमानांवर बाकीच्यांनी ठेवलेला विश्वासही तितकाच पातळ झाला असता.